पानाच्या पोटाकडून

"पितंय म्हणता, मग मुततं कुठं?"

हे मी विचारलं तेव्हा आडाच्या कठड्याभोवती सगळी गल्ली जमली होती. उकरंडे काका दोर वर ओढत होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, मोजायची सवय सुटली नाही. हातभर अंतरावर गाठी मारलेला एक दोर, टोकाला दगड. रोज सकाळी सातला तो आडात सोडायचा, ओल्या झालेल्या गाठी मोजायच्या आणि आकडा खडूनं कठड्यावर लिहायचा. आमच्या गल्लीतली सात घरं त्या आडावर, घरटी एक पंप. त्या मे महिन्यात सात गाठींच्या चार झाल्या होत्या.

"चार," काकांनी लिहिलं आणि खडूनंच तीन पावलांवरच्या बदामाकडे बोट केलं. "सोमवारी साडेचार होत्या. अर्धी गाठ कुठं गेली? ह्याच्या पोटात. मुळं थेट आडाच्या दगडात शिरलीत. रात्रंदिवस पितंय."

त्यावर माझा वरचा प्रश्न. गल्ली हसली. बायकांनी पदर तोंडाला लावले. काका तेवढे हसले नाहीत.

"भारत, तुला चेष्टा सुचतेय. रविवारी दुपारी सात घरांनी बसून ठरवू. लाकूडतोड्याला मी सोमवारचं सांगून ठेवलंय."

झाडाखाली हौसाक्काचं टेबल होतं. बावीस वर्षं ती तिथं इस्त्री करायची. कोळशाची इस्त्री, चार विटांवर ठेवलेलं टेबल, शेजारी कांजीचं पातेलं. बदाम आपोआप उगवलेला, पण कांजीचं उरलंसुरलं पाणी त्याला हौसाक्कानंच घातलं. तिचं घर म्हणजे पत्र्याची दहा बाय दहाची खोली. मे महिन्यात त्या पत्र्याखाली कोळसा पेटवला तर आधी हौसाक्काचीच इस्त्री झाली असती. झाड गेलं की तिचा धंदा गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. ती नुसती शर्टाची कॉलर दाबत होती.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा. धंदा मंडपाचा आणि तोंडाला कुलूप नाही. गप्प बसायला हवं होतं तिथं मी म्हणालो, "काका, झाड पाणी पीत असेल तर ते बाहेर काढून दाखवतो. न तोडता, न चिरता. चहाचा एक ग्लास भरून देतो ह्या झाडातून."

मला हे धंद्यामुळं ठाऊक होतं. लग्नाच्या कमानीला ताज्या फांद्या लावतो, त्या वाळू नयेत म्हणून आदल्या दिवशी प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवतो. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उघडलं की आतून पाणी गळतं. पानांना घाम येतो. गल्लीला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

"जमणार नाही," काका म्हणाले.

"पैज?"

"लाव."

"मी जिंकलो तर माझ्या बँडवाल्यापुढं तुम्ही भर चौकात नाचायचं. टोपी घालून."

"आणि हरलास तर?"

"तुम्ही सांगा."

काकांनी इकडंतिकडं बघितलं. "हरलास तर ह्या झाडाशी लग्न. मुंडावळ्या बांधून. मंडप तुझाच."

गल्ली पुन्हा हसली. माझी बायको मालन दारातून म्हणाली, "लावा खुशाल. सवत बोलणारी नसली म्हणजे झालं."

मी काकांच्या हातावर टाळी दिली. हात सोडवून घेताना काका पहिल्यांदा हसले. आणि ते हसू हरणाऱ्या माणसाचं नव्हतं.

"रविवारी सकाळी आठ ते बारा," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फांदी मी निवडणार. पिशवी माझी, बांधणार मी, राखण मी करणार. ग्लास भरला तर भारत जिंकला. आणि भरला, तर गल्लीनं डोळ्यांनी बघायचं, एका फांदीतून चार तासांत हे झाड आपलं किती पाणी हवेत उडवतंय. मग गुणिले फांद्या, गुणिले दिवस. कठड्यावर हिशेब मांडून दाखवीन. त्यानंतर झाड ठेवायचं म्हणणाऱ्यानं हात वर करावा."

मग त्यांनी एका खालच्या फांदीला लाल दोरा बांधला आणि घरी गेले.

म्हणजे म्हाताऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं. पानातून पाणी जातं हे त्यांनी आयुष्यभर कालव्याच्या कडेला बघितलं होतं. माझ्याकडून ते सिद्ध करून घ्यायचं होतं फक्त. मी गावाला टोप्या घालणारा माणूस, आणि मला सकाळी सात वाजता, तोंड धुवायच्या आधी, एका पेन्शनरनं घातली होती.

हौसाक्कानं इस्त्री बाजूला ठेवली. "काय केलंस रं भारता."

"हरतो मी," मी म्हणालो. "हरणं काय अवघड असतं?"

अवघड होतं. पिशवीला भोक पाडता येणार नव्हतं, काका खुर्ची टाकून बसणार होते. फांदी मोडावी तर नवी निवडली असती. पैज मागं घ्यावी तर काकांनी एकट्यानं प्रयोग केला असता आणि ग्लास भरून दाखवला असता. एकच रस्ता होता. त्या फांदीच्या पानांना घाम येता कामा नये.

शुक्रवारी दुपारी सगळी गल्ली पंख्याखाली आडवी झाल्यावर मी शिडी घेऊन आलो. हौसाक्का हाताला भेगा पडतात म्हणून व्हॅसलीनची डबी जवळ ठेवायची. ती घेतली. झाडाच्या मागच्या अंगाला दुसरी एक फांदी धरली आणि तिच्या पानांना वरून चकचकीत व्हॅसलीन चोपडलं. वरून, कारण ऊन वरून, धूळ वरून, पाऊस वरून. पानाचं जे काय असेल ते वरच असणार. वर पिशवी बांधली आणि दोन तास वाट बघितली.

पिशवी घामानं निथळत होती. मोजलं तर अर्ध्या ग्लासाच्या वर भरलं. चार तासांत एक ग्लास सहज.

"आणखी जाड लावू का?" मी विचारलं.

"डबी माझी हाय," हौसाक्का म्हणाली. "आन् लावून काय उपेग? झाड तुझ्यावर हसतंय."

"मंडपाचं लायटिंग करून लग्न लावून घेतो मग. जिंकलो तरी लग्न करतो, हरलो तरी करतो. काकांना नाचवून काय करू? झाडच नसलं तर."

हौसाक्कानं निखारे सारखे केले. संध्याकाळी टेबल आवरताना एवढंच म्हणाली, "सत्यनारायणाच्या पूजेला लोक मलाच बोलावतात, इस्त्रीच्या धोतरासाठी. जेवायला कुणी म्हणत न्हाई. हे झाड मात्र रोज थांब म्हणतं." मग ती गेली. हे वाक्य मला त्या वेळी गंमतीचं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी तिनं मला हाक मारून झाडाखाली बोलावलं. कांजीचं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरवलं होतं. नुसतं पाणी होतं, कढत, पीठ अजून घातलं नव्हतं. त्यात बदामाचं एक हिरवं पान पडलेलं.

"वरनं पडलं," ती म्हणाली. "आता बघ हं." तिनं उलथण्यानं ते पान पाण्याखाली दाबलं.

पानावर बुडबुडे आले. बारीक, मोहरीपेक्षा बारीक, शेकडो. पण एकाच अंगाला. खालच्या. वरची गुळगुळीत बाजू तशीच साफ, एखादा चुकार बुडबुडा सोडला तर काही नाही.

"वाफेनं आतली हवा बाहीर आली," हौसाक्का म्हणाली. "जिथनं हवा येती तिथनंच त्याचं सगळं जात येत असणार. माणसाची नाकपुडी खाली हाय, पानाची पण खालीच. बावीस वर्सं झाडाखाली बसले, वर बघायची अक्कल आज आली."

मी दुसरं पान तोडून टाकलं. तसंच. तिसरं उलटं टाकलं, म्हणजे पोट वर. आता बुडबुडे वर. पान उलटलं तरी त्याचं नाक बदललं नाही.

त्या दुपारी मी लाल दोऱ्याच्या फांदीवर चढलो. छत्तीस पानं. एकेका पानाला पोटाकडून, शिरांच्या मधे, देठापर्यंत व्हॅसलीन लावलं. वरची बाजू पदरानं पुसावी तशी फडक्यानं पुसली, चमकू नये म्हणून. हौसाक्का खालून राखण करत होती आणि मधेच इस्त्रीचा ठोका देऊन सांगायची, कुणीतरी येतंय. कुणी येत नव्हतं, तिला गंमत वाटत होती. एकदा खरंच इलाहीभाई शिंपी आले, मी फांदीवर पालीसारखा चिकटून राहिलो. इलाहीभाईंनी शर्ट घेतला, वर बघितलं, म्हणाले, "भारत, लग्नाआधी मुलीच्या घरी एवढं जाऊ नये," आणि गेले.

शेवटचं पान झाल्यावर हौसाक्कानं डबीत बोट घालून बघितलं. रिकामी.

"तोंड दाबलं की पाणी वाचतं," ती म्हणाली. "पर मग श्वास कुठनं घ्यायचा? ही फांदी वाळंल बघ."

"एक फांदी जाऊ दे."

"जाऊ दे म्हणायला तू कोण?" ती म्हणाली, आणि त्या फांदीच्या बुडाला हात लावून नमस्कार केला.

रविवारी आठला काका आले. खुर्ची, पिशवी, सुतळी, घड्याळ आणि भिंतीवरचा थर्मामीटर. थर्मामीटर कशाला विचारलं तर म्हणाले, नोंद असावी. फांदीवर पिशवी चढवली, तोंड सुतळीनं आवळलं. बांधताना त्यांची बोटं पानांना लागली. ते क्षणभर थांबले, खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि गाठ मारली. मला वाटलं, धूळ.

मग ते खुर्चीवर बसले. झाडाखाली. हौसाक्काच्या टेबलापासून दोन हातांवर. आयुष्यात पहिल्यांदा.

नऊला हौसाक्कानं त्यांना चहा दिला. काकांनी नको म्हणायला हात वर केला आणि तो हात तसाच कपाकडे गेला. दहाला त्यांनी थर्मामीटर उन्हात कठड्यावर नेऊन ठेवला, पाच मिनिटांनी परत आणून झाडाला टांगला. अकराला पुन्हा. मी समोरच्या पायरीवर बसून पिशवीकडे बघत होतो. पिशवी धुरकट झाली होती, पण गळत नव्हती. एक थेंब हळूहळू घसरत कोपऱ्यात गेला. मी त्या थेंबाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"हौसाबाई," काका म्हणाले, "उन्हाळाभर तुम्ही कोळसा घेऊन बसता इथं?"

"पावसाळ्यात पण बसते."

"गरम होत नाही?"

"होतं की. पर घरात जास्ती होतं."

काकांनी तिसऱ्यांदा थर्मामीटर नेला, आणला. कठड्यावर गाठींच्या आकड्याखाली खडूनं दोन आकडे लिहिले. उन्हात त्रेचाळीस. झाडाखाली छत्तीस. कुणाला काही सांगितलं नाही.

बाराला सात घरं जमली. काकांनी पिशवी सोडली, कोपरा चहाच्या ग्लासावर धरला. ग्लासाचं बूडसुद्धा झाकलं नाही. चार-पाच थेंब, चमच्यात मावले असते.

मला हवं तसंच मी हरलो होतो. चेहरा मात्र मी पडल्यासारखा केला. तो पडलेला चेहरा मी लग्नघरात उधारी मागताना वापरतो.

"हरला," इलाहीभाई म्हणाले.

काकांनी ग्लास उन्हात धरून बघितला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी पण. त्यांनी ती पिशवी उलटी केली असती, एक पान तोडून गल्लीला दाखवलं असतं, तर माझं सगळं संपलं होतं. हौसाक्काच्या हातातली इस्त्री टेबलावर टेकवायची राहिली होती.

"पाणी टंचाईचं आहे," काका सावकाश म्हणाले. "झाडाला समजतं. पानाला खाली बारीक तोंडं असतात, हजारो. पाणी असलं की उघडतात, ओढ बसली की मिटतात. नोकरीत मी हे बघितलंय. मी समजत होतो तेवढं हे झाड उधळत नाही. तोंड मिटून बसलंय." त्यांनी गल्लीकडे बघितलं. "आपल्या सात पंपांना तोंड मिटता येतं का, ते बघा. उद्यापासून पंप रोज अर्धाच तास."

"म्हणजे झाड ठेवायचं?" एका घरानं विचारलं. "लाकूडतोड्या उद्या येतोय म्हणून विचारलं."

"आठवडाभर बघू," दुसऱ्या घरानं म्हटलं.

आठवडाभर बघू म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या रविवारी पुन्हा हीच पंगत, पुन्हा हाच दोर. हौसाक्कानं इस्त्री टेकवली. खाली पडलेला शर्ट उचलला नाही.

"ते नंतर," मी म्हणालो. "आधी पैज. मी हरलोय. संध्याकाळी पाचचा मुहूर्त. वऱ्हाडात कोण कोण येणार ते सांगा, मला जेवणाचं नाही, खुर्च्यांचं बघायचंय."

पाचला मंडप उभा होता. खरा मंडप, झालर लावून. माझा बँडवाला फुकट आला, कारण अशी गंमत त्याला पैसे देऊनही मिळाली नसती. मालननं स्वतः मला हळद लावली, कानातसुद्धा, मुद्दाम. मुंडावळ्या बांधताना म्हणाली, "घरी आणू नका, जागा नाही."

शेजारच्या दोन गल्ल्यांतून माणसं आली होती. पोस्टाच्या कट्ट्यावरची म्हातारी मंडळी पुढच्या रांगेत. झाडाला हौसाक्कानं हिरवी साडी गुंडाळली होती, इस्त्री केलेली, एक चुणी नव्हती. अंतरपाट म्हणून तिचीच टेबलावरची चादर, मधोमध इस्त्रीच्या आकाराचा करपलेला डाग असलेली. एका टोकाला इलाहीभाई, दुसऱ्या टोकाला मालन. भटजी म्हणून काका. त्यांनी मंगलाष्टकं स्वतः रचून आणली होती, त्यात आडाची खोली आणि माझा उद्धटपणा दोन्ही होतं, आणि यमक कुठंच जुळत नव्हतं. लोक अक्षता टाकून दमले.

सावधान झालं. चादर खाली आली. मी झाडाला हार घातला. फांदी माझ्या मुंडावळ्यांत अडकली, त्यावर फार हसले लोक.

हौसाक्का पुढं आली. तिनं माझा हात धरून झाडाच्या बुंध्यावर ठेवला आणि त्यावर पळीनं पाणी सोडलं. सगळ्यांपुढं, मोठ्यानं म्हणाली, "माझी लेक दिली. आईबाप दोन्ही मीच. आता उद्या लाकूडतोड्या आला तर त्याला काय सांगू?"

मंडपात हसू थांबलं. बँडवाल्यानं वाजवायला घेतलेलं थांबवलं. सात घरांची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. लग्न खोटं होतं, पण हळद खरी होती, अक्षता खऱ्या होत्या आणि त्या टाकणारे हातही त्यांचेच होते.

काकांनी घसा साफ केला. "सांगा, मुलगी परक्याची झाली. सासरी विचारून ये."

"सासर काय म्हणतं?" इलाहीभाईंनी मला विचारलं.

"माझी सासू कडक आहे, तोडू देणार नाही," मी म्हणालो. मालननं मागून माझी मान हौसाक्कापुढं वाकवली. लोक पुन्हा हसले, आणि त्या हसण्यात ते ठरून गेलं. पुन्हा कुणी विषय काढला नाही. ती छत्तीस पानांची फांदी मात्र पंधरा दिवसांत पिवळी पडून वाळली. हौसाक्कानं ती स्वतः तोडली आणि सरपणाला वापरली नाही.

पण ते नंतर. तेव्हा विधी एकच राहिला होता. नवऱ्या मुलाला कुंकू लावायचं. काका ताट घेऊन माझ्यासमोर आले. त्यांनी कुंकवात बोट घातलं नाही. आधी हात लांब करून लाल दोऱ्याच्या फांदीचं एक पान ओढलं, त्याच्या पोटाकडून अंगठा फिरवला आणि तो बुळबुळीत अंगठा माझ्या कपाळावर घासला.

"कुंकू टिकायला खाली मेण लागतं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "जुन्या बायकांना विचार."

सकाळी त्यांनी रुमालानं पुसलेली बोटं मला आठवली.

"पाणी कुठं जातं ते मोजलं मी," काका त्याच आवाजात म्हणाले. "सात अंश गारवा."

मग त्यांनी माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू दाबलं, मागं सरकले आणि गल्लीला म्हणाले, "हरलेल्यानं आता बायकोला पाणी घालायचं. रोज एक बादली. आडातून, पंपानं नाही, हातानं ओढून. सुरुवात आत्ता."

मी मुंडावळ्या बाजूला सारल्या, दोर घेतला आणि सगळ्यांच्या देखत आडात बादली सोडली.